कायम नेमणुकीचा कागद

तिसरा पट्टाही तुटला. शंभर किलोंचं वाळूचं पोतं धप्पकन खाली आदळलं आणि चाचणीची खोली धुळीने भरून गेली.

या पोत्याला इथे सगळे जावईबापू म्हणत. स्वतः काही करायचं नाही, पण मानाने उचलून वर न्यावं लागायचं, म्हणून. उंच इमारतींना रंग देणारे, काचा पुसणारे लोक अंगाला जे सुरक्षापट्टे बांधतात, ते या कारखान्यात शिवले जात. प्रत्येक खेपेतले दहा पट्टे एकेक करून जावईबापूंना बांधायचे, कप्पीने त्यांना वर चढवायचं आणि सोडून द्यायचं. पट्ट्याने धरून ठेवलं तर ठीक. दहातला एक जरी तुटला तरी सगळी खेप नापास. आणि नापास खेप त्याच दिवशी कात्रीने कापायची, नाहीतर ती मागच्या दाराने बाजारात जाते, असा इथला जुना नियम. गेली सतरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला सगळे वाळूताई म्हणत.

"वाळू ओली असेल," साहेब दारातूनच म्हणाले. "वजन वाढलं असेल. पुन्हा कर."

"तीनदा केलं, साहेब. प्रत्येक वेळी काट्यावर चढवून केलं. जावईबापू काल होते तेवढेच आहेत. या खेपेला दोराच हलका वापरलाय. शिवण उसवतेय."

साहेबांनी आत येऊन दार लावलं. खुर्चीत बसून टेबलावर दोन कागद ठेवले. एक होता या खेपेचा पास दाखला. त्यावर कोपऱ्यात बसून चाचणीची नोंद ठेवणाऱ्या नानांची सही कधीच झाली होती, खाली ताईचा शिक्का तेवढा हवा होता. दुसरा कागद ताईने जवळ ओढून पाहिला. तो तिच्या कायम नेमणुकीचा होता. त्यावर फक्त साहेबांची सही बाकी होती.

"तुझा शिक्का पडला की माझी सही," साहेब म्हणाले. "या हाताने द्यायचं, त्या हाताने घ्यायचं."

हा कागद तिने किती वेळा मनात वाचला होता! कायम करावं लागू नये म्हणून दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस कामावरून काढून टाकत; याला खंड म्हणत. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं तर नवी नेमणूक, नाही आलं तर रामराम. असे अठरा दिवस तिने काढले होते. त्या दिवशी ती घासलेली भांडी पुन्हा घासायची. फोन वाजला की दचकायची आणि नाही वाजला की जास्त दचकायची. कायम असलेल्यांचे चहाचे कप खिडकीपाशी खिळ्यांना टांगलेले असत. ताई आपला कप रोज पिशवीत घालून घरी न्यायची. उगाच मागे काही राहायला नको. एकोणिसावा दिवस उद्याच होता. सकाळीच लेक म्हणाली होती, "आई, तू एकदाची कायम हो. म्हणजे मी पण सुखाने झोपेन."

ताईने शिक्का शाईत टेकवला. खोटं कशाला बोला, टेकवला.

"मार ना," नाना कोपऱ्यातून हळूच म्हणाले. नाना तिच्याआधीपासूनचे, तीस वर्षांचे कायम. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ताई."

"नाना, यातला पट्टा तुम्ही तुमच्या पोराला बांधाल?"

तेवढ्यात साहेबांची खुर्ची करकरली आणि नाना ताडकन उभे राहिले. साहेब उठले नव्हते. नुसती खुर्ची वाजली होती. नाना ओशाळून पुन्हा बसले.

ताई बघतच राहिली. तीस वर्षांचा कायम माणूस आणि खुर्चीच्या आवाजाला उभा राहतो! ती अकरा महिन्यांतून एक दिवस भ्यायची. नाना रोज भीत होते. रविवारीसुद्धा भीत असतील. तिला नानांची दया आली, आणि स्वतःचा असा राग आला की सांगायची सोय नाही. याच कागदामागे ती सतरा वर्षं धावली होती. आणि तिकडे विसाव्या मजल्यावर कुणीतरी रंगाचा डबा घेऊन, तिच्या शिक्क्यावर विसंबून, अंग हवेत सोडणार होता.

तिने शिक्का फडक्याने पुसला आणि कात्री उचलली.

खेपेचं पहिलं खोकं फोडलं. पट्टा बाहेर ओढला आणि कापला. मग दुसरा. मग तिसरा. पट्टे जाड होते, अंगठा सोलत होता, पण तिला फार बरं वाटत होतं.

"वेड लागलंय का तुला?" साहेब ओरडले. "उद्या तुझा खंड आहे, विसरू नकोस. परवा बोलावणं येणार नाही. कधीच येणार नाही!"

तिने चौथा पट्टा ओढला.

"साहेब, या कारखान्यात सगळ्यात जास्त चाचण्या पट्ट्यांच्या नाही, माझ्या झाल्यात," ती म्हणाली. "अठरा वेळा वरून खाली टाकलंत मला. एकदाही तुटले नाही. उद्या एकोणिसाव्यांदा टाकून बघा."