बायकोचं माप

दोन महिन्यांत शिंप्याने बायकोचे ड्रेस दोनदा आत घेतले होते. ती बारीक होत चालली होती, तिची झोप उडाली होती, साधा फोन हातात घेतला तरी बोटं थरथरायची. तिच्या ऑफिसातल्या नव्या साहेबांचं नाव निघालं, की शिंप्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय. वजन, झोप, थरथर, सगळं त्याचंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही त्यामुळेच कमी झाल्यात."

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे नुसता आजारच आहे ना?" त्याने हसत विचारलं.

बायकोने त्याच्याकडे वळून विचारलं,

"मग तुम्हाला दुसरं काय वाटलं होतं?"