भर दुपारचं पाणी

“अहो, आग लागलीय का झाडाला? वरून काय ओतताय!”

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून ती ओरडली. खाली अंगणात तिचा नवरा लिंबाच्या कुंडीवर झारी धरून उभा होता. सगळी नोकरी आगीच्या बंबावर गेलेला माणूस, ऊन त्याला काय करणार! फरशी मात्र तव्यासारखी तापली होती. वरून तिला त्याची पाठ आणि कललेली झारी, एवढंच दिसत होतं.

“पाच दिवस घसा फोडतेय. उन्हात पाणी घालू नका, पानं करपतील. आणि मुळाशी घाला हो, मुळाशी!”

“मला असंच जमतं,” तो मागे न वळता म्हणाला. “पटत नसेल तर खाली ये नि दाखव.”

“येऊ कशी? उचलून न्या.”

“तीस वर्षं माणसं खांद्यावर टाकून जिने उतरलोय. तुला नाही उचलणार.”

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला खुर्चीत बसवून वर आणलं, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून तिने जिन्याकडे पाहिलंही नव्हतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई मागच्या आठवड्यात निक्षून सांगून गेल्या होत्या, की आता उतरला नाहीत तर पाय आखडेल तो कायमचा. तिने नुसती मान डोलावली होती.

पण ते झाड तिने बीपासून वाढवलं होतं. यंदा पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या.

तिने खिडकी धाडकन लावली.

कठडा दोन्ही हातांनी धरून तिने पाय खाली टाकला. पहिल्या पायरीला देव आठवला. चौथीला व्यायामवाल्या बाईंची सात कुळं आठवली. आठवीवर गुडघा असा लचकला, की ती मटकन खाली बसली.

“अहो!”

उघड्या दारातून त्याची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

“दगड आहात, दगड! झाड मारलंत माझं, आता मलाही मारा!” कठड्याला लोंबकळत ती उठली. रागाच्या भरात उरलेल्या सहा पायऱ्या केव्हा सरल्या, तिला कळलंही नाही.

भिंत धरत ती कुंडीपाशी आली. त्याला कोपराने बाजूला सारून तिने मातीत बोट खुपसलं.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत गारेगार ओल्या मातीत रुतलं. पहाटेची ओल होती ती. खोडाभोवती वाळका पाला नीट पसरलेला होता. पानांवर मात्र पाण्याचा मागमूस नव्हता. कळ्या जागच्या जागी होत्या.

वाकल्या वाकल्याच तिने विचारलं,

“आगीवर पाणी कुठे मारायला शिकवायचे तुम्हाला?”

“मुळाशी.”

“मग?”

आता कुठे तो वळला. अंगातला सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला होता.

“आठवीवर पडलीस का गं?” त्याने विचारलं.

“पडले नाही. बसले होते.” तिने पदराने बोट पुसलं. “उद्या पहाटे हाक मारा. पाणी मी घालणार.”

त्याने मान हलवली. हातातली झारी पालथी करून त्याने कुंडीशेजारी ठेवली. तिच्यातून एक थेंबही सांडला नाही.