सातव्या वळणावरची भिंत

“तिथं आजवर पडलंय का कोणी?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“नाही,” शिवणताई म्हणाल्या.

“मग झालं तर! पडलं की बघू.”

मोटरसायकल शर्यतींच्या त्या ट्रॅकवर सगळे त्यांना शिवणताईच म्हणत. पडलेल्या स्वारांचे फाटलेले चामडी सूट गेली अठरा वर्षं त्याच शिवत आल्या होत्या. ओरखडा पाहून स्वार कोणत्या वळणावर, कोणत्या कुशीवर घसरला हे त्या सांगत, आणि त्यांचं म्हणणं सहसा खोटं ठरत नसे.

हंगाम बंद असताना सातव्या वळणाबाहेर प्रेक्षकांसाठी नवी गॅलरी बांधली होती. तिच्यासाठी भिंत पुढं आणली, पिवळीधमक रंगवली. आधी ट्रॅक आणि भिंत यांच्यात तीस पावलं रेती होती. आता आठ उरली. शर्यतीच्या वेगानं घसरलेलं माणूस आठ पावलांत थांबत नाही. आणि हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत शिवणताईंची लेक उतरणार होती.

“लेक पळणार म्हणून तुमचा जीव खालीवर होतोय,” व्यवस्थापक हसत म्हणाले. “भीती वाटत असेल तर राहू दे की घरी.”

“तिला नाही वाटत. म्हणून तर मला यावं लागलं.”

त्या पुन्हा आल्या. पावलं मोजून, कागदावर वळण काढून आणलं. भिंत मागं घ्या, तिच्यापुढं हवा भरलेल्या गाद्या लावा, एवढंच मागणं. व्यवस्थापकांनी कागद पाहिला, चहा पाजला आणि वाटेला लावलं. तिसऱ्या खेपेलाही तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

दारातून मागं वळून त्यांनी विचारलं, “किती जण पडले म्हणजे पुरे?”

“काय बाई तुम्ही पण!” व्यवस्थापकांनी हात जोडले. “पडू द्या चार-पाच. मग समितीपुढं ठेवतो.”

शिवणताईंनी मान डोलावली आणि निघाल्या.

हंगाम बंद असला तरी सकाळच्या सरावाला ट्रॅक खुला असे. तेव्हा ना डॉक्टर असे, ना पडझडीची नोंद. शिवलेले सूट पोचवायला शिवणताई भल्या सकाळीच येत. फाटकावरचा राखणदार त्यांचं बोचकं बघून नुसता हात हलवायचा.

तीन आठवडे त्यांचं मशीन थांबलं नाही. लेकीनं एकदा पाहिलं, आईला उजवा हात वर नेता येत नव्हता.

“आई, खांद्याला काय झालं?”

“आखडलाय कामानं.”

“मग बस की जरा.”

“शर्यत झाली की बसेन.”

शर्यतीला बारा दिवस उरले असताना समितीची बैठक भरली. शिवणताईंनी बोचकं टेबलावर सोडलं. आतून पाच सूट निघाले. पाचही डाव्या खांद्यावर फाटलेले, कोपरापर्यंत सोललेले. ओरखड्यांत पिवळा रंग रुतून बसला होता.

“अख्ख्या ट्रॅकवर पिवळी भिंत एकच आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “चार-पाच म्हणाला होतात ना? पाच आणलेत.”

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. “पण दवाखान्यात एकही नोंद नाही!”

“हाड दुखावलं असं डॉक्टरला कळलं की परवाना अडकतो. पोरं तिकडं जात नाहीत, माझ्याकडं येतात.”

सदस्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हे खोटं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

“नावं सांगा त्यांची.”

“नावं सांगायला लागले तर उद्या माझ्या दारात कोण येईल?”

“देवाशपथ सांगता, हे सूट सातव्या वळणावर फाटले?”

“त्याच भिंतीवर फाटले, देवाशपथ.”

तेवढ्यात काठीचा आवाज झाला. समितीतले सर्वांत जुने सदस्य उठून टेबलाशी येत होते. एके काळचे अजिंक्य स्वार. लोक त्यांना तुफानकाका म्हणत. मोडलेल्या मांडीमुळे आता नाव तुफान आणि चाल गोगलगायीची, हा विनोद ते स्वतःच करत. त्यांनी एक सूट उचलला. शिवणीवरून बोट फिरवलं. आत कोपरापर्यंत हात घातला, बराच वेळ चाचपलं. मग दुसरा घेतला. पाचही झाले.

शिवणताईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता.

“काय म्हणता, काका?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“म्हणायचंय काय? भिंत मागं घ्या.”

“अहो, गॅलरीच्या पुढच्या वीस रांगा तोडाव्या लागतील!”

“तोडा. बसणारे लोक मागं बसतील. पडणाऱ्याला मागं पडता येत नाही.”

ठराव झाला. नऊ दिवसांत रांगा तुटल्या, भिंत मागं गेली, तीस पावलं रेती पुन्हा पसरली, भिंतीपुढं गाद्या उभ्या राहिल्या. शिवणताई रोज येऊन पावलं मोजत होत्या. एके दिवशी एकोणतीसच भरली. भिंतीपाशी आणखी पाऊलभर खणून रेती भरायला लावली.

शर्यतीच्या दिवशी, पाचव्या फेरीत, दोन गाड्या सातव्या वळणात एकदम शिरल्या. आतल्या गाडीचं मागचं चाक घसरून ती बाहेरच्या गाडीला धडकली. बाहेरची गाडी आडवी झाली आणि स्वार रेती उडवत भिंतीकडं घसरत गेला. पाठीवर तेवीस आकडा. शिवणताईंची लेक.

रेतीनं वेग खाल्ला. उरलेला गादीनं गिळला. धूळ बसली.

मग लेक उठली. हेल्मेट काढलं, रेती थुंकली आणि गाडीला एक सणसणीत लाथ घातली. अख्खी गॅलरी हसली, टाळ्या पडल्या.

शिवणताई कठड्याला धरून खालीच बसल्या. व्यवस्थापक धावत आले. “ताई, त्या पाच पोरांचे उपकार झाले हो आपल्यावर! भेटले तर सांगा त्यांना.”

“सांगेन,” त्या म्हणाल्या.

व्यवस्थापक दवाखान्याकडं पळाले. तुफानकाका काठी टेकत आले, त्यांच्या शेजारी कसेबसे बसले आणि रेतीकडं बघत हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी अस्तरं तरी घामानं मळवून आणा, ताई. पाचही कोरी होती.”