आपोआप चालणारं काम

एकोणऐंशी सालची गोष्ट. सोमवारी अकोल्याला दोन वर्षांच्या मिलिंदचं ऑपरेशन होतं, म्हणून त्याचा बाप दौलत मुंबईहून गावी इंझोरीला आला. मुंबईच्या ऑफिसातल्या युनिक्स कॉम्प्युटरवर नवे प्रोग्राम बसवायला रोज त्यालाच बसावं लागे. आता ते काम पाठीमागे आपोआप करणारी सर्व्हिस लावून तो निघाला होता.

"मंग आठ दिवस राहा ना," त्याची बायको यशोधरा म्हणाली. "मले एकटीले लय भेव वाटते."

"राह्यतो ना. कायले घाबरून राह्यली?"

शनिवारी ऑफिसची तार आली: काम बंद पडलंय, परत या. ती वाचताच दौलतनं कपाळावर हात मारला. सर्व्हिस त्यानं स्वतःच्याच लॉगिनमधून सुरू केली होती. तो लॉगआउट होताच तीही बंद पडली होती.

"साधी चूक झाली," म्हणत त्यानं पिशवी भरली. यशोधरा त्याला एसटीपर्यंत सोडायला गेली.

एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "अवो, ऑपरेशनच्या कागदावर बापाची सही लागते!"

दौलतनं खिडकीतून दहा कोरे कागद तिच्या हातात दिले. प्रत्येकाच्या तळाशी त्यानं आधीच सही करून ठेवली होती.

"वर काय लागंल ते तू लिहून घेजो."