प्रवाळाला हात न लावणारा

निळा.

"निळा नको, काका," दुकानदार जगन म्हणाला. "दिसायला हिरो. पण आतून उपाशी असतो. वरून कायच कळत नाय. मग एक दिवस वितळतो."

अविनाशने काचेवरचा हात काढून घेतला. वरून ठीक दिसणारं आणि आतून उपाशी असं घरात आणखी काही त्याला नको होतं.

"मला सेफ स्टारफिश पाहिजे. कोरलला हात न लावणारा."

"टाकी प्रणितचीच ना?"

"हो."

जगन पुढच्या खणाकडे वळला. अविनाशचा मुलगा प्रणित याच दुकानात पडीक असायचा. गेल्या दिवाळीत हायवेवर पळस्प्याला त्याची बाइक ट्रेलरखाली गेली. मागे खाऱ्या पाण्याची टाकी राहिली, आणि तिच्यात त्याने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं जांभळं प्रवाळ.

शोभा त्या प्रवाळावरच जगतेय, असं अविनाश धरून चालला होता. मुलाची आई. ते गेलं तर तीही जाईल.

हिरवा.

"हा रात्री झोपलेले मासे धरतो."

नको.

वाळू चाळणारा.

"हा गरीब. पण तुमची टाकी छोटी. वाळूतलं खाणं संपलं की हा पण संपला. टाकीला प्रॉब्लेम काय हाय पण?"

"तळाला खाणं कुजतं. बायको घालते. मूठ मूठ सुका जवळा."

"माया असते काकींची."

"माया," अविनाश म्हणाला.

माया नाही तर काय? प्रवाळाला रात्री अंधार लागतो, तरी ती टाकीचे दिवे चालूच ठेवून झोपायची. एकदा तर तिने टाकीत नळाचं पाणी ओतलं, बादलीभर. करंजा बंदरावरच्या कोळ्यांची मुलगी, आणि खाऱ्या माशांना गोडं पाणी! दुःखात माणसाला काही सुधरत नाही. अविनाश तिला एका शब्दाने बोलला नाही. ऑफिसातून आला की बाही सरसावून पाणी बदलायचा, मीठ मोजून घालायचा. प्रवाळ मरायला टेकायचं, तो त्याला परत वर काढायचा.

त्याला स्वतःला ती टाकी नकोशी झाली होती. मोटरची घरघर भिंतीतून उशीत यायची. पण हे बोलायचं कुणाजवळ?

शोभाचा भाऊ दुसऱ्याच्या ट्रॉलरवर गेला तो परतलाच नाही. तेव्हा तिच्या वडिलांनी त्याची छोटी होडी किनाऱ्यावर ओढली. पुन्हा पाण्यात घातली नाही. उन्हात तडकू दिली. अविनाशला ती माणसं दगडाच्या काळजाची वाटली होती. आपण तसं करायचं नाही.

रिकामा खण.

"इथे कोणता होता?"

"चॉकलेट चिप. पाठीवर तपकिरी शिंगं. त्याचं नावच नका काढू. कोरलवर बसतो, पोट बाहेर काढतो, उठतो तेव्हा खाली पांढरं हाडूक. सकाळी गेला तो. बायको होती दुकानावर, तिने विकला."

"असला नेतं कोण?"

"ज्याच्याकडे कोरल नसेल तो नेईल. तुम्हाला काय करायचंय? हा घ्या."

काळा.

सापाच्या शेपटीसारखे पाच हात. दगडाखाली राहतो, उरलंसुरलं खातो.

"टाकीतलं पाणी आधी पिशवीत थेंब थेंब सोडा. आणि याला पाण्याबाहेर काढू नका. हवा लागली तर मेला."

शोभाने दार उघडलं. आज तिने वेणी घातली होती. कितीतरी दिवसांनी.

"मिळाला?"

"एकदम सेफ."

"काय खातो?"

"उरलंसुरलं. प्रवाळाला हात लावत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दमला असाल. चहा ठेवते."

"आधी याचं बघतो."

त्याने तिथेच जमिनीवर बसकण मारली. बारीक नळीतून पाणी ठिबकत राहिलं. शोभा त्याच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. हेही कितीतरी दिवसांनी. वाचलो, असं त्याच्या मनात आलं.

शेवटी त्याने पिशवी टाकीच्या पाण्याखाली धरून उलटी केली. काळा तारा सरपटत दगडाखाली निघाला. अविनाशची नजर त्याच्यामागून दगडावर गेली, दगडावरून प्रवाळावर.

प्रवाळावर पाच जाड हात पसरून एक तारा बसला होता. पाठीवर तपकिरी शिंगं. तो जिथून सरकत आला होता, तिथे जांभळं उरलं नव्हतं, पांढरं होतं.

अविनाशने हात पुढे घातला. शोभाने त्याचं कोपर धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "होडी वर ओढतेय मी. या खेपेला तरी परत पाण्यात ढकलू नका."