वाटणीचा कोरा चहा

बाप गेल्यावर पाच महिन्यांनी उमेश उगवला, आणि बूड टेकायच्या आधी मलाच चहा प्यायला शिकवायला लागला.

"आई, दूध नको घालूस. दार्जिलिंगचा आहे, दसऱ्यानंतर खुडलेला. कोराच पितात."

प्यायले. खोटं कशाला बोलू, चांगला होता. मधासारखा वास, मागून जरा तुरट. दुसरा कप मीच मागितला, तसा त्याचा चेहरा फुलला.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारीण कोरा चहा आणते, तो घरातल्यांनी घोटभर तरी घ्यायचा असतो. हे गेले तेव्हा उमेशला सुट्टी मिळाली नव्हती.

कप रिकामा करून मी म्हटलं, "झकास आहे रे. पण कोरा चहा प्यायचा दिवस होता तेव्हा तू आला नाहीस. तुझ्या वाटणीचाही मीच पिऊन बसलेय."