साखरेचा कप्पा

१९८१ साल. रविवारी सकाळी सुताराच्या बायकोने साखरेचा डबा खालच्या कप्प्यातून काढून वरच्यात ठेवला, आणि तीस वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच तिच्यावर खेकसला.

"जिथला डबा तिथेच राहू दे. सांगितलं ना एकदा."

हे कप्पे गाडीतले. पाव पोचवणारी जुनी व्हॅन विकत घेऊन तो आठ महिने तिच्यात राबत होता. आता काम पुरे, दोघांनी वर्षभर फिरायचं, असं ठरलं होतं. गाडीतली तसूभर जागा त्याने वाया घालवली नव्हती. पलंगाखाली अंथरुणं आणि पाण्याचे कॅन. पायरीच्या पोटात चपला. दाराच्या आतल्या अंगाला ताटांसाठी उभ्या खाचा, म्हणजे खड्ड्यातही खडखडाट नाही. टेबल भिंतीला मिटायचं, आणि त्याच्या मागून शिवणाचा डबा निघायचा. काम असं की नख शिरायला फट नाही. फक्त एकाही कप्प्याची मूठ दुसऱ्यासारखी नव्हती. साखरेला पितळी गोटी, मिठाला चामड्याचा पट्टा, चहाला वाकवलेला चमचा, औषधांना दोरीची गाठ.

"जन्मभर लोकांच्या घरी एकसारख्या मुठी बसवल्यात," ती म्हणायची, "आणि माझ्या वाट्याला भंगाराची टोपली."

"बाबांनी उरलंसुरलं खपवलंय गं आई," लेक हसायची. तोही हसायचा.

ड्रायव्हरच्या सीटखालच्या खणाला तर मूठच नव्हती. त्यात काय आहे विचारलं की "सांगेन कधीतरी." महिन्यापूर्वी त्याने तिला कागदावर उभं करून पेन्सिलीने पावलं आखून घेतली होती. चपला करणार असेल, असं तिला वाटलं. चपला काही आल्या नाहीत.

आज मात्र तिला लागलं.

"मग तुम्हीच जा तुमचे कप्पे घेऊन. मी राहते लेकीकडे."

डबा वरच राहिला.

दुपारी ती आपली कपड्यांची पिशवी काढायला गाडीशी गेली. तो आत पाठमोरा उभा होता. डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधलेला. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. त्याचा हात वाकवलेल्या चमच्यावर गेला, चहा पाण्यात पडला. मग पितळी गोटी चाचपली. कप्पा उघडून हात आत फिरला, कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला. कप्पा रिकामा. तो तसाच उभा राहिला, हात आत ठेवून.

ती वर चढली. वरचा डबा काढून तिने त्याच्या हाताखाली सरकवला.

मग तिने स्टोव्ह बंद केला.

"अजून किती दिवस दिसेल तुम्हाला?"

"डॉक्टर वर्षभर म्हणतात." टॉवेल त्याने सोडला नाही. "सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस."

"आणि गाडी कोण चालवणार?"

तो चाचपडत पुढे गेला, गुडघ्यांवर बसला आणि बिनमुठीचा खण खालून बोटांनी ओढला. आत एक जाड उशी आणि लाकडाचे तीन ठोकळे होते. पेडलवर बसतील असे, खाली खाच, वर तिच्या पावलांचा आकार.

"तुझे पाय पोचत नाहीत ना," तो म्हणाला. "आता पोचतील."

गाडी तिला लेकीने शिकवली, शेजाऱ्यांचं कुंपण दोनदा मोडून. निघाल्या दिवसापासून तीच चालवायची. बघायचं काम त्याच्याकडे होतं. तेरा महिने त्याने समुद्र पाहिला, बर्फ पाहिलं, लेकीच्या बाळाचं तोंड पाहिलं. नंतरची नऊ वर्षं ती बघून सांगायची आणि गाडी थांबली की चहा तो करायचा. तो गेल्यावर तिने एकटीने एकच फेरी केली आणि गाडी लेकीच्या अंगणात लावली. डबे अजून जागच्या जागी आहेत.

त्या नऊ वर्षांत क्लचचा ठोकळा दोनदा झिजला. दोन्ही वेळा नवा त्यानेच तासला. कागद-पेन्सिल लागली नाही. तिचं पाऊल त्याने दोन्ही हातांत धरलं, तेवढ्यावर माप बरोबर आलं.